सही दोघांची, हप्ता एकटीचा

दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी सहा-सव्वासहाला घराचा हप्ता कापल्याचा मेसेज यायचा. दोघांच्या मोबाईलवर. माझा फोन उशाशी आणि नवऱ्याचा बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला, त्यामुळे लागोपाठ दोन टिंग वाजायचे आणि सात वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती की जाग सुद्धा यायची नाही. तो घर सोडून गेला त्याच्या पुढच्या महिन्यात एकच टिंग वाजलं आणि मी ताडकन उठून बसले. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने हप्ता परत गेला, असा मेसेज होता.

तोपर्यंत मी वेगळं होण्याचा विचार फक्त मनाच्या बाजूने करत होते. मुलीला काय सांगायचं, लोकांना काय सांगायचं, रात्री झोप कशी लागणार. पैशाचं नंतर बघू असं वाटायचं, कारण पैशाचं बोलणं मला त्या वेळी फार कोरडं वाटायचं. पण ज्या बायका (आणि पुरुष सुद्धा, मला दोन-तीन जणांनी मेसेज करून विचारलंय म्हणून लिहितेय) आत्ता या दारात उभ्या आहेत त्यांना मला पहिल्यांदा हेच सांगायचंय की पैशाचं नंतर बघू नका, आजच बघा, रडत रडत बघा पण बघा.

त्या दिवशी माझा पहिला विचार काय होता ते खरं सांगते. जाऊ दे बाउन्स, त्याला लाज वाटू दे, त्याने भरायचा होता ना अर्धा हप्ता. दोन दिवस मी त्याच रागात होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून हाफ डे टाकून बँकेत गेले, मनात असं की आपण सगळं समजावून सांगू, आमचं असं असं झालंय, आता मी माझा अर्धा भाग भरते, बाकीचं तुम्ही त्याच्याकडून घ्या. तिथल्या ऑफिसरने शांतपणे ऐकून घेतलं, मग आतून आमची फाईल मागवली. जाडजूड करारपत्र, प्रत्येक पानाच्या खाली दोन सह्या, त्याची आडवी पसरलेली आणि माझी लहान, आणि शेवटच्या काही पानांवर तर माझी सही घाईत अर्धवट झालेली, कारण त्या दिवशी मला ऑफिसला परत पोचायचं होतं आणि मी एकही पान वाचलं नव्हतं. ऑफिसरने एका सहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "मॅडम, ही सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "मग आमच्या हिशोबी तुम्ही अर्ध्या कर्जदार नाही आहात, पूर्ण कर्जदार आहात. सर पण पूर्ण कर्जदार आहेत. दोघांपैकी कोणीही भरा, पण आम्हाला पूर्ण हप्ता हवा."

हे वाक्य पचवायला मला खूप दिवस लागले. आपल्या डोक्यात असतं की दोघांचं कर्ज म्हणजे अर्धं तुझं अर्धं माझं. नवरा-बायकोच्या हिशोबात ते तसं असेलही, पण बँकेच्या हिशोबात तसं नसतं. एकत्र कर्जात प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधलेला असतो, त्याला एकत्रित आणि स्वतंत्र जबाबदारी म्हणतात. बँक दोघांच्या मागे लागू शकते किंवा ज्याच्याकडून पैसे निघतील असं वाटतं त्या एकाच्याच मागे लागू शकते, आणि पगारदार माणूस सापडायला सोपा असतो. भारतात तर हे १८७२ च्या करार कायद्यात कलम ४३ मध्येच आहे, की एकत्र वचन दिलेल्यांपैकी कोणालाही पूर्ण वचन पाळायला लावता येतं, आणि ज्याने जास्त भरलं त्याने बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागायचा. म्हणजे मागता येतो, पण तो मागायचा माझा मी, माझ्या वेळात, माझ्या वकिलाची फी भरून. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

अजून एक गोष्ट त्याच टेबलवर कळली, की घराची मालकी आणि घराचं कर्ज हे दोन वेगळे कागद आहेत. मालकीच्या कागदावरून एकाचं नाव काढलं तरी कर्जातून ते आपोआप निघत नाही. मला एका ओळखीच्या ताईंचं माहितीये, त्यांनी समजुतीने घरावरचा हक्क सोडून दिला, नवीन सुरुवात करायची म्हणून, आणि कर्जात नाव तसंच राहिलं. म्हणजे घर त्यांचं नाही पण कर्ज त्यांचं. चार वर्षांनी स्वतःसाठी लहानसं कर्ज मागायला गेल्या तेव्हा त्यांना नकार मिळाला, कारण जुनं मोठं कर्ज त्यांच्या नावावर दिसतच होतं. हक्क सोडायची सही आणि कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र, दोन्ही एकाच दिवशी हातात पडत असेल तरच सही करा. माझ्या वकीलबाईंनी मला हे तीनदा सांगितलं आणि मी इथे तीनदा लिहायला तयार आहे.

बाउन्स झालेला हप्ता मी त्याच दिवशी दंडासकट भरला. पूर्ण. आणि पुढचे सगळे हप्ते मी भरले, १४ महिने. मैत्रिणी म्हणाल्या तू कशाला भरतेस, तुला वेड लागलंय का. पण हप्ता थांबवला तर शिक्षा त्याला एकट्याला होत नाही हे मला आता कळलं होतं. हप्ता चुकल्याची नोंद दोघांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींमध्ये, जाते आणि कितीतरी वर्षं तिथे राहते. आणि ९० दिवस थकलं की बहुतेक ठिकाणी बँका ते कर्ज थकीत खात्यांमध्ये टाकतात, मग नोटिसा, मग घरावर जप्ती आणि लिलावाच्या गोष्टी सुरू होतात, आणि लिलावात घराला कधीच धड किंमत येत नाही. तीन महिने म्हणजे किती कमी असतात हे वेगळं होताना कळतं, नुसतं वकील शोधण्यात दीड महिना जातो. तेव्हा रागाचा हिशोब हप्त्यावर काढायचा नाही असं मी ठरवलं. पण भरताना एक केलं, की सगळे हप्ते माझ्या एकटीच्या खात्यातून भरले, एकत्र खात्यातून नाही, आणि दर महिन्याला त्याला एक साधा ईमेल टाकला. अमुक तारखेचा हप्ता मी भरला आहे, तुझा वाटा येणं बाकी आहे. एवढंच. एक शब्द जास्त नाही, टोमणा नाही. कधीकधी तो ईमेल लिहून झाल्यावर खाली अजून दहा ओळी लिहायचे आणि मग त्या खोडायचे. शेवटी जेव्हा हिशोबाला बसलो तेव्हा ते १४ ईमेल माझ्या सगळ्यात जास्त कामाला आले.

आता त्याच्या कर्जांबद्दल. त्याचा धंदा दोन वर्षं नीट चालत नव्हता हे मला माहीत होतं, किती वाईट चाललाय हे माहीत नव्हतं. तो गेल्यावर त्याच्या टेबलचा खालचा खण उघडला, त्यात पाकिटं होती, न फोडलेली, एकावर एक रबर लावून ठेवलेली. सगळ्यात खालच्या पाकिटावरचा शिक्का सव्वादोन वर्षांपूर्वीचा. मी ती फोडली नाहीत, त्याच्या नावाची होती, नुसत्या बाहेरच्या नावांवरून मोजली, सहा वेगवेगळ्या ठिकाणची. मला राग यायला पाहिजे होता पण त्या रबरबँडकडे बघून मला इतकं वाईट वाटलं, की हा माणूस रोज संध्याकाळी घरी येऊन मुलीचा अभ्यास घेत होता आणि पाकीट न उघडता खणात टाकत होता. लबाडीपेक्षा भीतीच जास्त होती त्यात असं मला आजही वाटतं. पण भीतीने घेतलेलं कर्जसुद्धा कर्जच असतं, आणि मला एकच प्रश्न होता, यातलं माझं किती?

त्याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढायचा. स्वतःचा काढता येतो, जोडीदाराचा नाही, आणि तेवढं पुरतं कारण तुमच्या नावावर जे जे आहे ते त्यात येतं. मुलगी झोपल्यावर मी डाउनलोड केला. मला वाटलं होतं दोन ओळी असतील, घराचं कर्ज आणि माझं कार्ड. चार होत्या. तिसरी म्हणजे एक जुनं बंद झालेलं कर्ज, ते ठीक होतं. चौथ्या ओळीत त्याच्या धंद्याचं एक कर्ज आणि माझ्या नावापुढे शब्द होता, जामीनदार. मी ती ओळ कितीतरी वेळ बघत बसले. मला आठवेचना कधी सही केली. मग आठवलं, एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि तो तीन-चार कागद घेऊन आला, "इथे इथे सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे" म्हणाला आणि मी ओले हात पुसून सही केली होती. जामीनदाराची सही फॉर्मॅलिटी नसते. मूळ कर्जदाराने नाही भरलं की जामीनदाराने भरायचं, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर बँक आधी त्याच्यामागे लागून दमेपर्यंत थांबायला बांधील सुद्धा नसते.

मग मी एका वहीत तीन रकाने पाडले. पहिला, जिथे माझी सही आहे. दुसरा, जिथे फक्त त्याची सही आहे. तिसरा, जिथे कोणाचीच सही नाही, म्हणजे मित्रांकडून, नातेवाईकांकडून तोंडी घेतलेले. पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी आल्या, घराचं कर्ज आणि ते जामीनकीचं. बाकी सगळं दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात. त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांनी नीट झोप लागली, रक्कम कमी होती म्हणून नाही, तिला शेवट आहे हे दिसलं म्हणून.

दुसऱ्या रकान्यातले लोक फोन करतात. वसुलीवाल्यांचा माझ्या ऑफिसच्या नंबरवर फोन आला, पलीकडचा मुलगा विशीतला असेल, म्हणाला तुम्ही मिसेस ना, मग जबाबदारी तुमचीच येते मॅडम. माझे हात थरथरत होते पण मी वकीलबाईंनी लिहून दिलेलं वाक्य वाचून दाखवलं. "या कर्जावर माझी सही असलेला कागद असेल तर मला लेखी पाठवा, आणि या नंबरवर परत फोन करू नका." कागद आला नाही. दोनदा अजून फोन आले, दोनदा तेच वाक्य. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दया येऊन किंवा पिच्छा सुटावा म्हणून थोडेसे पैसे भरायचे नाहीत, "मी भरेन" असं तर बोलायचं सुद्धा नाही. आपण एकदा भरायला लागलो की समोरच्याने आपल्याला गृहीत धरलंच, आणि लेखी काही कबूल करून बसलो तर जी जबाबदारी आपली नव्हती ती आपण होऊन आपली करून घेतली असं होतं.

तिसरा रकाना जास्त अवघड होता कारण तिथे माणसं होती. सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना अजूनही आईच म्हणते. म्हणाल्या, "अगं, मामांकडून घेतलेत ते तरी देऊन टाक, घरातलीच गोष्ट आहे, तुझा पगार चांगला आहे." मी म्हटलं, "आई, मामांबद्दल मला आदर आहे, पण ते पैसे मी घेतलेले नाहीत आणि माझ्याकडे जे आहे ते आता हप्त्यात आणि मुलीत जातंय. मी त्याला सांगेन मामांचं पहिलं दे म्हणून." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं." मला ते बरं अजून आठवतं, त्यात राग नव्हता, थकवा होता.

मधल्या काळात जी दारं उघडी होती ती बंद केली. माझ्या क्रेडिट कार्डवर त्याच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड होतं, त्यावर त्याने केलेल्या खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डवालीची म्हणजे माझी, ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं. त्याला आधी सांगून केलं, कारण कुठेतरी दुकानात कार्ड नाकारलं जाऊन त्याची फजिती व्हावी असं मला नको होतं. एकत्र खातं होतं त्यात दोघांपैकी कोणीही पूर्ण रक्कम काढू शकत होतं, ते दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं करून घेतलं. नॉमिनी बदलले, विम्याचे, नोकरीच्या फंडाचे, सगळे. हे लोक विसरतात. घराच्या कर्जाला जोडलेली विमा पॉलिसी असते तिचे हप्ते कोण भरतंय, ती चालू आहे का, हे पण बघा. आणि काही देशांत एकत्र मालकीचा असा प्रकार असतो की एक जण गेला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो, वेगळं होताना तो प्रकार बदलून घ्यायचा का हे वकिलाला विचारायचं.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. मला वाटत होतं सात वर्षं हप्ते भरले म्हणजे घर बऱ्यापैकी आपलं झालं असणार. खरे आकडे इथे टाकत नाही, मूळ कर्ज १०० धरून सांगते, म्हणजे कोणालाही आपल्या आकड्याने गुणून बघता येईल. ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो साधारण ०.९०. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ०.७५ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ०.१५. सात वर्षांत, ८४ हप्त्यांत, आम्ही बँकेला ७५.६ दिले होते. आणि कर्ज अजून किती शिल्लक? ८२.६. म्हणजे ७५.६ देऊन १७.४ फिटले. मी सगळ्या हप्त्यांचा तक्ता बँकेकडून छापून घेतला, २४० ओळींचा, आणि एकेक ओळ पेन्सिलने खाली खाली येत गेले. प्रत्येक ओळीला एक महिना होता, अमुक महिन्यात मुलगी चालायला लागली, अमुक महिन्यात त्याने पहिली नोकरी सोडली, आणि प्रत्येक ओळीत मुद्दलाचा रकाना एवढासा. यात बँकेने काही फसवलेलं नाही, व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून असं होतं. पण वेगळं होणारी जोडपी बहुतेक याच सुरुवातीच्या वर्षांत असतात, आणि दोघांच्याही डोक्यात जो आकडा असतो तो खऱ्या आकड्यापेक्षा खूप मोठा असतो. भांडणं त्या डोक्यातल्या आकड्यावर होतात. म्हणून वाटणीचं बोलायच्या आधी दोघांनी समोर तक्ता ठेवा, आजची शिल्लक, आणि घराची आजची किंमत बाहेरच्या माणसाकडून काढलेली.

मला घर ठेवायचं होतं. मुलीची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची खिडकी. मी बँकेत अर्ज दिला की कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करा. बँकेने माझ्या एकटीच्या पगारावर किती कर्ज बसतं ते बघितलं, कारण मूळ कर्ज दोघांच्या पगारावर दिलेलं होतं, आणि उत्तर आलं शिल्लक कर्जाच्या दोन तृतीयांश. उरलेलं एक तृतीयांश एकरकमी भरा किंवा दुसरा सहकर्जदार आणा. शिवाय घर ठेवायचं तर त्याच्या हिश्श्याचे पैसे त्याला द्यायचे, ते वेगळेच. दादा लगेच म्हणाला, "माझं नाव टाक, मी आहे ना." दादाचं मन मोठं आहे, पण त्याला पण घर आहे, त्याला पण मुलं आहेत, आणि ज्या सहीने मला इथे आणून उभं केलं तशीच सही मी दादाकडून घेऊ? मी नाही म्हटलं. त्याला थोडं लागलं ते. मग एका रात्री कागदावर मांडलं, मुदत वाढवून, सगळं ताणूनताणून सुद्धा हप्ता माझ्या पगाराच्या ५४ टक्के येत होता. एक आजारपण आलं, नोकरीत एक खड्डा आला की संपलं. मुलीला खिडकी द्यायला निघाले होते, पण तिला रोज हप्त्याच्या चिंतेत असलेली आई मिळाली असती. मी पहाटे चारला ठरवलं की विकायचं, आणि मग घरभर फिरून खूप रडले, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्यांचा पगार पुरतो त्यांनी खुशाल ठेवावं, मी विका म्हणत नाहीये, पण कागदावर मांडून मगच ठरवा.

त्याला भेटले ते वकीलबाईंच्या ऑफिसात. तो वाळला होता. हिशोबात एकच जोरात अडलं. मी म्हटलं १४ महिने मी एकटीने हप्ता भरला, त्याच १०० च्या हिशोबाने १२.६ झाले, त्यातले अर्धे मला दे. तो म्हणाला, "तू राहत होतीस तिथे, मी बाहेर भाडं भरत होतो." मला आधी संताप आला, पण वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. शेवटी असा तोडगा निघाला की हप्त्यातलं व्याज म्हणजे माझं राहण्याचं भाडं समजायचं आणि मुद्दल जेवढं फिटलं तेवढ्याचे अर्धे मला. १४ महिन्यांत मुद्दल फिटलं होतं ४.१, म्हणजे माझे झाले साधारण २. मला सहा हवे होते. पण सहासाठी अजून वर्षभर भांडायचं आणि दोन्ही बाजूंनी फी भरायची, त्यापेक्षा दोन घेतले.

जामीनकीचं कर्ज मात्र मी सोडलं नाही. त्याने समजुतीच्या कागदात लिहून द्यायची तयारी दाखवली की ते कर्ज मी फेडेन, तिला काही तोशीस लागणार नाही. ऐकायला छान वाटतं आणि इथेच बहुतेक लोक फसतात. तो कागद माझ्यात आणि त्याच्यात. ती बँक त्या कागदावर कुठेच नाही. कोर्टाचा शिक्का असला तरी तो आम्हा दोघांना बांधतो, ज्या बँकेने मला जामीनदार घेतलं तिचा माझ्यावरचा हक्क त्याने जात नाही. त्याने नाही भरलं तर बँक माझ्याकडे येणार, मी भरणार, आणि मग मी तो कागद घेऊन त्याच्यामागे धावणार, ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणूनच हे सगळं झालंय त्याच्यामागे. म्हणून अट घातली की घर विकल्यावर वाटणीच्या आधी, त्याच्या हिश्श्यातून, ते कर्ज थेट फेडायचं आणि बँकेचं पत्र आल्यावरच बाकीचे पैसे वाटायचे. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. त्याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे, हे इथे लिहिलं पाहिजे.

परदेशातल्या मैत्रिणींशी बोलताना कळलं की नियम जागोजागी फार बदलतात, त्यामुळे माझं बघून तसंच करू नका. अमेरिकेत ९ राज्यं अशी आहेत, कॅलिफोर्निया आणि टेक्सास त्यात येतात, जिथे लग्नाच्या काळात घेतलेलं कर्ज सही एकाचीच असली तरी बऱ्याचदा दोघांचं धरतात, म्हणजे माझे ते तीन रकाने तिथे चालणार नाहीत. तिथेच १९८२ चा एक कायदा आहे त्यामुळे घटस्फोटात घर एका जोडीदाराच्या नावावर झालं आणि तो तिथे राहत असेल तर केवळ त्या कारणाने बँक पूर्ण कर्ज एकदम मागू शकत नाही, पण जुन्या कर्जदाराचं नाव त्याने सुटत नाही. ब्रिटनमध्ये एकत्र कर्ज किंवा खातं असलं की दोघांचे क्रेडिट रिपोर्ट एकमेकांना जोडले जातात, आणि सगळं बंद झाल्यावर तो जोड तोडा असा वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्याच्या थकबाकीची सावली तुमच्या नव्या अर्जावर पडत राहते. सहीचं तत्त्व मात्र सगळीकडे तेच ऐकलं, एकत्र केलेली सही एका बाजूने मागे घेता येत नाही.

विक्रीचं फार लिहीत नाही. बँकेकडून कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र घ्यायचं, त्यावर तारीख असते आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याची तारीख पुढे गेली की आकडा बदलतो. घेणाऱ्याचे पैसे आधी थेट आमच्या बँकेत, कर्ज बंद, मग कागद मोकळे, मग उरलेलं. समजा घर खर्च जाऊन १४७ ला गेलं, शिल्लक ७८.४, उरले ६८.६, दोघांचे ३४.३. त्याच्यातून जामीनकीचे गेले, माझे दोन गेले. जे उरलं त्यातून त्याने मामांचे दिले, हे मला आईंनी फोन करून सांगितलं.

शेवटच्या दिवशी परत त्याच ऑफिसरच्या टेबलवर बसलो, दोघं, मध्ये एक खुर्ची सोडून. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र, घराचे मूळ कागद, घरावरचा बोजा उतरवल्याचा कागद, सगळं मोजून घेतलं. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. तो काही न बोलता थांबला, ऑफिसर पण थांबला, मागे लोक उभे होते तरी मी वाचलं. अकरा पानं होती. शेवटच्या पानावर त्याने सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

दोन महिन्यांनी रिपोर्ट परत काढला. घराच्या कर्जापुढे बंद, जामीनकीपुढे बंद. आम्ही आता भाड्याच्या घरात राहतो, दोन खोल्या, खिडकी पूर्वेला आहे. परवा ५ तारखेला सव्वासहाला मला आपोआप जाग आली आणि मी फोनकडे बघत पडून राहिले. साडेसहा झाले, मुलगी उठून माझ्या पांघरुणात आली, तिचे पाय गार होते, आणि आम्ही दोघी सात वाजेपर्यंत झोपलो.